पथक केवढे असावे? – विखुरलेल्या कामातील माणसांचा हिशेब

कोणतेही मोठे काम एकट्या माणसाच्या हातून होत नाही, ही गोष्ट आपल्या ग्रामीण समाजाला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. सावड आणि इर्जिक या पद्धती आपल्याकडे फार पूर्वीपासून चालत आल्या आहेत. सावडीत शेजारचे शेतकरी पाळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबतात. इर्जिकीत गावातील अनेक औते एका दिवशी एकाच्या शेतावर जमतात. या दोन्ही पद्धतींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. काम करणारी सर्व माणसे एकाच शेतात, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असतात. कोण मागे पडला, कोणाच्या बैलाने दम खाल्ला, कोठला तुकडा राहिला, हे कोणाला विचारावे लागत नाही. ते सर्वांना दिसत असते.

आजच्या अनेक कामांत ही सोय उरलेली नाही. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द या गावाचेच उदाहरण घ्यावे. मंचरजवळच्या या गावी शासकीय तंत्रनिकेतन आणि शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय या दोन संस्था आहेत. येथून शिकून बाहेर पडणारा तरुण ज्या कार्यगटात नोकरीला लागतो, त्या गटातील एक सहकारी पुण्यात, दुसरा बंगळूरला आणि तिसरा सातासमुद्रापलीकडे असणे आता नवलाचे राहिलेले नाही. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर घरी बसून काम करण्याची पद्धत अनेक क्षेत्रांत रुजली. खुद्द शासनाच्या योजनाही गावोगाव विखुरलेल्या सेवकांच्या सहकार्यावर चालतात. अशा विखुरलेल्या पथकात माणसे किती असावीत, आणि संख्या वाढली की सहकार्याचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच केवळ व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांपुरता उरत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तम उत्तर याच भागातील माणसांनी शतकाहून अधिक काळ आपल्या कामातून दिले आहे. त्याचा विचार करण्यापूर्वी संख्येचे साधे गणित समजून घेणे इष्ट होईल.

दुव्यांचे गणित

दोन माणसे एकत्र काम करीत असतील तर त्यांच्यात एकच दुवा असतो. तिसरा माणूस आला की दुवे तीन होतात. चौथा आला की सहा. पाच माणसांत १०, दहा माणसांत ४५, वीस माणसांत १९० आणि पंचवीस माणसांत ३०० दुवे निर्माण होतात. याचा नियम सोपा आहे. माणसांच्या संख्येला तिच्याहून एकने कमी असलेल्या संख्येने गुणावे आणि येणाऱ्या गुणाकाराची निमपट करावी.

यातून लक्षात येते ते असे, की माणसे दुप्पट झाली म्हणजे दुवे दुप्पट होत नाहीत, ते सुमारे चौपट होतात. पाचांचे दहा झाले तर हात दुप्पट मिळतात. पण एकमेकांना सांगण्या-विचारण्याच्या वाटा दहावरून पंचेचाळिसावर जातात. यांपैकी प्रत्येक दुवा जिवंत ठेवण्यास वेळ लागतो. निरोप द्यावा लागतो, तो नीट समजला की नाही हे पाहावे लागते, गैरसमज झाल्यास तो दूर करावा लागतो. एका मर्यादेनंतर नव्या माणसाने आणलेले श्रम या देवाणघेवाणीतच खर्ची पडतात.

अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हाच अनुभव मांडला. आयबीएम या कंपनीच्या मोठ्या संगणकांसाठी आज्ञावली तयार करण्याच्या कामाचे ते प्रमुख होते. आधीच रेंगाळलेल्या अशा कामावर आणखी माणसे नेमली तर ते अधिकच रेंगाळते, असा त्यांचा निष्कर्ष होता. नव्या माणसाला काम समजावून सांगण्यात जुन्या, जाणत्या माणसाचा वेळ जातो आणि दुवे मात्र वाढतात, हे त्यामागील कारण होय. ज्या कामाचे सुटे तुकडे पाडता येतात, उदाहरणार्थ भातलावणी, तेथे माणसे वाढवून काम लवकर उरकते. ज्या कामात प्रत्येक तुकडा दुसऱ्यावर अवलंबून असतो, तेथे हा उपाय लागू पडत नाही.

दोर ओढणारी माणसे

संख्येचा दुसरा परिणाम माणसाच्या मनावर होतो. फ्रान्समधील कृषि-अभियंता मॅक्स रिंगेलमन यांनी माणसांना दोर ओढावयास लावून त्यांच्या ओढीचे मोजमाप केले होते. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातील आकडेवारी बोलकी आहे. एकट्या माणसाची ओढ १०० मानली, तर दोघे मिळून ओढताना प्रत्येकाची ओढ ९३ वर येते, तिघांत ८५, चौघांत ७७ आणि आठ जणांत अवघी ४९. सात माणसांत ती ५६ होती. म्हणजे सात जणांची एकत्रित ओढ ३९२ आणि आठ जणांचीही ३९२ च. आठव्या माणसाने दोराला हात लावला. परंतु दोराला त्याचा काहीच लाभ झाला नाही.

असे का व्हावे? सर्वांचा जोर एकाच क्षणी, एकाच दिशेने लागत नाही हे एक कारण. तथापि तेवढेच कारण नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत हा प्रयोग निराळ्या रीतीने करण्यात आला. डोळे बांधलेल्या माणसाला मागे आणखी माणसे ओढत आहेत असे भासविण्यात आले. प्रत्यक्षात तो एकटाच ओढत होता. तरीही त्याची ओढ कमी झाली. आपल्यामागे इतर आहेत, या जाणिवेनेच माणूस थोडा सैल पडतो. त्यात लबाडी असतेच असे नाही. आपल्या वाट्याचे काम वेगळे दिसत नाही, तेव्हा ते आपले आहे ही भावनाच क्षीण होते.

अंतरामुळे काय बदलते

आता या गणितात अंतराची भर घालून पाहावे. एका छपराखाली काम करणाऱ्या माणसांचे बरेचसे दुवे आपोआप, विनाखर्च जपले जातात. जाता-येता दोन शब्द होतात, चेहऱ्यावरून अडचण कळते, चहाच्या वेळी चूक लक्षात येते. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील थॉमस ॲलन यांनी संशोधन-संस्थांमधील अभियंत्यांचे निरीक्षण करून १९७७ साली असे दाखवून दिले, की दोघांच्या बसण्याच्या जागांत सुमारे ३० मीटरपेक्षा अधिक अंतर पडले की त्यांच्यात आठवड्यातून एकदा तरी कामाचे बोलणे होण्याची शक्यता झपाट्याने घटते. तीस मीटर म्हणजे शाळेच्या एका इमारतीची लांबीही नव्हे. त्यापलीकडे माणूस शेजारच्या इमारतीत असो वा शेजारच्या जिल्ह्यात, सहज घडणाऱ्या बोलण्याच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही.

दूरध्वनी आणि संगणकाच्या पडद्यावर भरणाऱ्या सभा यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. परंतु या साधनांनी दुवा जोडण्यासाठी तो मुद्दाम जोडावा लागतो. जे आपोआप होत होते ते वेळ काढून, ठरवून करावे लागते. प्रत्येक दुव्याची किंमत अशी वाढली, की तेवढ्याच माणसांना तेवढे दुवे पेलणे कठीण होते. एका खोलीत पंधरा माणसे सहज चालवतील ते काम पंधरा गावांत विखुरलेल्या पंधरा माणसांना जड जाते. शिवाय रिंगेलमन यांना दिसलेला सैलपणा येथे अधिक वाढण्याचा संभव असतो. कारण दूरच्या माणसाचे श्रम इतरांना दिसत नाहीत आणि इतरांचे श्रम त्याला दिसत नाहीत. पडद्यावरील सभेत वीस जण असले तर बोलणारे चारच असतात, हा अनुभव अनेकांचा असेल.

पथक जितके विखुरलेले, तितके ते लहान असावे, असा सर्वसाधारण नियम यातून निघतो. मग हजारो माणसांचे विखुरलेले काम चालते तरी कसे? याचे उत्तर मुंबईच्या डबेवाल्यांकडे आहे.

डबेवाल्यांचा दाखला

मुंबईतील डबेवाले हे बहुतांशी पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी आणि लगतच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले, संगमनेर या तालुक्यांतील. चैत्रात गावोगावच्या जत्रा आल्या की हे लोक काही दिवस सेवा बंद ठेवून गावी येतात, हे मुंबईकरांच्याही अंगवळणी पडले आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी या व्यवसायाचा पाया घातला. १९५६ मध्ये नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्ट या नावाने त्यांची संस्था नोंदविली गेली.

या कामाचा व्याप मोठा आहे. घराघरांतून सकाळी डबे गोळा करावयाचे, ते जवळच्या उपनगरी स्थानकावर आणून छाटावयाचे, गाडीने शहराच्या दुसऱ्या टोकास न्यावयाचे, तेथे पुन्हा छाटून कचेऱ्यांत जेवणाच्या सुट्टीपूर्वी पोचवावयाचे आणि दुपारनंतर रिकामे डबे त्याच मार्गाने परत करावयाचे. एक डबा साधारणतः तीन-चार किंवा त्याहूनही अधिक हातांतून जातो. हे हात एकमेकांपासून मैलोगणती दूर असतात. मधल्या स्थानकावर गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते, तेवढ्यात डब्यांनी भरलेल्या जड पेट्या चढवाव्या आणि उतरवाव्या लागतात. चुकीला किंवा चर्चेला तेथे सवड नसते.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक स्टीफन थॉमके यांनी या व्यवस्थेचा अभ्यास करून २०१० मध्ये तो अध्यापनासाठी प्रसिद्ध केला. त्या सुमारास डबेवाल्यांची संख्या सुमारे ५,००० होती आणि ती माणसे प्रत्येकी सुमारे २५ जणांच्या २०० गटांत विभागलेली होती. प्रत्येक गटाचा व्यवहार स्वतंत्र. गटाचे गिऱ्हाईक गटाचे, मिळकत गटाची, जबाबदारीही गटाची. गटाचा मुकादम असतो तो कोठून तरी नेमून पाठविलेला अधिकारी नसतो. वर्षानुवर्षे डबे वाहिलेला, सर्वांना माहीत असलेला गडी असतो.

दुव्यांचे गणित येथे लावून पाहण्यासारखे आहे. पाच हजार माणसांपैकी प्रत्येकाला प्रत्येकाशी संपर्क ठेवावा लागला असता, तर दुव्यांची संख्या १ कोटी २४ लाख ९७ हजार ५०० झाली असती. गट पाडल्यावर एका गटातील दुवे ३०० म्हणजे २०० गटांचे मिळून ६०,००० होतात. दोनशे मुकादमांनी आपसांत संपर्क ठेवावयाचा म्हटले तर आणखी १९,९०० दुवे लागतात. एकूण बेरीज ७९,९००. माणसे तीच, काम तेच. दुवे मात्र दीडशे पटीहून कमी. मोठ्या पथकाचे लहान गट पाडण्याने काय साधते, ते या एका हिशेबावरून स्पष्ट व्हावे.

गटात पंचवीसच माणसे का, याचाही विचार करावा. दिवसभर माणसे विखुरलेली असली तरी एका गटातील माणसे रोज सकाळी एका स्थानकावर भेटतात. ती एकाच मुलखातील, बहुधा एकमेकांच्या नात्यातील वा ओळखीतील असतात. भाषा, सण, देव, जत्रा समान. नवा गडी काही महिने जुन्याच्या हाताखाली उमेदवारी करतो, तेव्हा कोठे त्याच्यावर स्वतंत्रपणे काम सोपविले जाते. या परिचयामुळे प्रत्येक दुवा जपण्याचा खर्च कमी होतो. अपरिचित माणसांचे विखुरलेले पथक पंचवीसांचे असते तर ते इतके सुरळीत चालले असते असे मानण्यास आधार नाही.

झाकणावरील खूण

गट लहान केले तरी एका गटाचे काम दुसऱ्या गटाकडे सोपवावे लागतेच. वसाहतीतून डबा उचलणारा गट आणि कचेरीत पोचविणारा गट निराळे असू शकतात. दोन गटांमधील हा सांधा निखळला तर सगळे मुसळ केरात. डबेवाल्यांनी या सांध्यावर काढलेला तोडगा अतिशय साधा आहे. डब्याच्या झाकणावर रंगाने काही अक्षरे आणि आकडे लिहिलेले असतात. पूर्वी रंगीत दोरे वा चिंध्या बांधून ही खूण केली जात असे. डबा कोठून उचलला, कोणत्या स्थानकावर उतरवावयाचा, कोणत्या इमारतीत आणि कोणत्या मजल्यावर न्यावयाचा, एवढेच त्या खुणेवरून कळते. गिऱ्हाइकाचे नाव नाही, पूर्ण पत्ता नाही. फारसे शिक्षण न झालेल्या माणसालाही ती खूण वाचता येते आणि अनोळखी माणसाला तिचा अर्थबोध होत नाही.

याचा अर्थ असा, की एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाच्या माणसाशी बोलण्याची गरजच उरत नाही. त्याला जे सांगावयाचे ते झाकण सांगते. वेळेचा मेळही कोणी रोज ठरवीत नाही. तो उपनगरी गाड्यांच्या वेळापत्रकाने ठरवून दिलेला असतो. मोठे आणि विखुरलेले काम चालावयाचे तर माणसामाणसांतील संभाषण वाढविण्यापेक्षा संभाषणाची आवश्यकता कमी करणे अधिक फलदायी ठरते, हा यातील खरा धडा होय.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीमुळे ही सेवा थांबली. पुढे कचेऱ्यांतील माणसे घरून काम करू लागल्याने गिऱ्हाईक घटले आणि डबेवाल्यांची संख्या पूर्वीच्या मानाने बरीच रोडावली. शहरातील नोकरदारांचे काम विखुरले, त्याचा फटका विखुरलेले काम सर्वांत चांगले जाणणाऱ्या या माणसांनाच बसला, ही वस्तुस्थिती नोंदविणे भाग आहे. व्यवसायाचे चढउतार काहीही असोत, त्यांच्या रचनेतील शहाणपण मात्र कमी होत नाही.

खोडदच्या तीस तबकड्या

याच परिसरात विखुरलेल्या पथकाचे आणखी एक उदाहरण उभे आहे, पण ते यंत्रांचे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ही एक दुर्बीण होते. त्यांपैकी १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात आहेत. उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या रांगांत आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांत सुमारे २५ किलोमीटर अंतर आहे.

या दुर्बिणीचे सामर्थ्य तबकड्यांच्या जोड्यांवर अवलंबून असते. तीस तबकड्यांच्या जोड्या ४३५ होतात. येथे संख्येतील वाढ हे वरदान ठरते, कारण प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्रात नवी भर घालते. हे शक्य होते ते दोन कारणांनी. पहिले म्हणजे तबकड्या आपसांत बोलत नाहीत. प्रत्येकीचा संदेश प्रकाशतंतूंच्या तारेतून मध्यवर्ती केंद्राकडे येतो आणि ४३५ जोड्यांचा मेळ तेथील गणकयंत्र घालते. दुसरे म्हणजे सर्व तबकड्या एकाच घड्याळाशी जुळवलेल्या असतात.

माणसांच्या पथकाने यातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे विवेकाने ठरविले पाहिजे. समान वेळ आणि समान परिमाण हे तत्त्व घेण्यासारखे आहे. परंतु सर्व दुवे एका केंद्राशी जोडण्याची पद्धत माणसांना मर्यादेपुरतीच मानवते. यंत्राला ४३५ जोड्यांचा मेळ घालताना थकवा येत नाही. तीस माणसांचा प्रत्येक निरोप एकाच प्रमुखाकडून जाऊ लागला तर तो प्रमुख दुपारपर्यंत थकतो आणि संध्याकाळपर्यंत काम त्याच्या मेजावर अडकून पडते. आपल्या अनेक कार्यालयांतील दिरंगाईचे मूळ माणसांच्या आळसात नसून या रचनेत असते.

बचत गटांची मर्यादा

शासकीय योजनांतही या प्रश्नाचा विचार झालेला दिसतो. महिलांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांत साधारणतः १० ते २० सदस्य असावेत, असा दंडक आहे. वीस ही वरची मर्यादा येण्यास १९५६ च्या कंपनी कायद्यातील नोंदणीविषयक तरतूद हे एक कारण होते. तथापि व्यवहारातही ती उचित ठरली. आठवड्याच्या बैठकीत प्रत्येकीला बोलावयास मिळावे, कोणाची बचत आली आणि कोणाचे कर्ज थकले हे सर्वांना ठाऊक असावे, यासाठी यापेक्षा मोठा गट सोयीचा नसतो.

याहून लक्षणीय गोष्ट पुढे आहे. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने दुर्गम व आदिवासी भागांसाठी ही खालची मर्यादा ५ सदस्यांपर्यंत शिथिल केली आहे. आंबेगावच्या पश्चिम भागातील डोंगराळ वाड्यावस्त्या डोळ्यांसमोर आणल्या म्हणजे यामागील हेतू लक्षात येतो. तेथे दहा घरे गोळा करावयाची तर दोन डोंगर ओलांडावे लागतात. पावसाळ्यात ओढे भरले की बैठक होत नाही आणि बैठक मोडली की गट मोडतो. अंतर वाढले की गट लहान हवा, हा नियम येथे शासकीय निर्णयातच उतरला आहे. लहान गटांची शक्ती एकत्र यावी म्हणून गावातील गटांचा ग्रामसंघ आणि ग्रामसंघांचा प्रभागसंघ, अशी रचना महाराष्ट्रात २०११ पासून कार्यरत असलेल्या ‘उमेद’ अभियानाने अवलंबिली आहे. डबेवाल्यांच्या गट आणि मुकादम या रचनेशी तिचे साम्य सहज ध्यानात येईल.

माळीणचा धडा

पथकाच्या रचनेवर कधी कधी जीवही अवलंबून असतात. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि १५१ जणांना प्राण गमवावे लागले. या दुर्घटनेची बातमी बाहेर आली ती राज्य परिवहन महामंडळाच्या एका बसचालकामुळे. नेहमीच्या वाटेने आलेल्या त्या चालकाला जेथे गाव असावयास हवे तेथे गाव दिसेना. त्याने ही गोष्ट कळविली आणि यंत्रणा हलली. आपत्तीच्या कोणत्याही पथकात त्या चालकाचे नाव नव्हते. तरीही विखुरलेल्या व्यवस्थेत सर्वांत मोलाची माहिती पुष्कळदा अगदी टोकावरच्या माणसाकडे असते, आणि ती थेट योग्य जागी पोचण्याची वाट मोकळी असावी लागते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

त्यानंतर बचावकार्यास आलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची रचनाही अभ्यासण्याजोगी आहे. या दलाचे एक पथक ४५ जणांचे असते. त्यात शोध व बचाव करणारे जवान, अभियंते, वीजतंत्री, श्वानपथक, वैद्यकीय साहाय्यक असे सर्व प्रकारचे लोक असतात, म्हणजे पथकाला आपले काम करताना दुसऱ्याची वाट पाहावी लागू नये. मोठी आपत्ती आली तर पथकाचा आकार वाढविला जात नाही. पथकांची संख्या वाढविली जाते. हा फरक वरवर किरकोळ वाटला तरी सहकार्याच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे.

लहान गटाच्या उणिवा

लहान गट हा सर्व दुखण्यांवरील उतारा आहे, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. तिघा-चौघांच्या गटातील एक आजारी पडला तर चौथाई वा तिसरा हिस्सा काम थांबते. म्हणूनच डबेवाल्यांच्या गटात दोन-तीन माणसे जादा ठेवलेली असतात. कोणी गैरहजर राहिला, वाटेत काही अडचण आली, तर ती त्याची जागा घेतात. एकमेकांचे काम सर्वांना येत असते. दुसरी उणीव ज्ञानाची. फार लहान गटात सर्व प्रकारचे कौशल्य असेलच असे नाही. तिसरी उणीव एकलेपणाची. आपल्या गटापलीकडे काय चालले आहे याची खबर न राहिल्यास गट आपल्यापुरता पाहू लागतो आणि दोन गटांत तेच काम दोनदा होते किंवा दोघांच्या मध्ये राहून जाते. ही उणीव दूर करण्यासाठी मुकादमांनी, गटप्रमुखांनी अगर प्रतिनिधींनी ठरावीक दिवशी समोरासमोर भेटणे आवश्यक असते.

व्यवहारात काय करावे

या विवेचनातून विखुरलेले पथक उभारणाऱ्यांसाठी काही सूचना करता येतील. पथकाची संख्या ठरविताना हातांची गणना करण्याबरोबरच दुव्यांचीही गणना करावी. रोज परस्परांवर अवलंबून राहणाऱ्या आणि दूर राहणाऱ्या माणसांचा गट शक्यतो पाच ते दहा जणांचा असावा. माणसे परिचित असतील, रोज भेटत असतील आणि काम ठरीव असेल तर ही संख्या वीस-पंचविसांपर्यंत जाऊ शकते. त्याहून मोठे काम असल्यास गट पाडावेत; पण असे पाडावेत की एका गटाचे काम बहुतांशी त्या गटातच पुरे होईल.

दोन गटांच्या सांध्यावर डब्याच्या झाकणावरील खुणेसारखी थोडक्यात, ठरीव आणि सर्वांना समजणारी नोंद असावी. प्रत्येकाच्या वाट्याचे काम वेगळे ओळखता आले पाहिजे, म्हणजे दोराला नुसता हात लावून उभे राहण्याचा मोह होणार नाही. गटप्रमुखाकडे सर्व निरोप न वळविता नेहमीच्या गोष्टी सदस्यांनी आपसांत मिटवाव्यात. मात्र टोकावरच्या माणसाला संकटाची बातमी थेट वर कळविण्याची मुभा हवी. काम रेंगाळले तर प्रथम माणसे वाढविण्याचा विचार न करता ते कोठे अडले आहे हे शोधावे. आणि दूरच्या माणसांनी वर्षातून काही वेळा तरी एकत्र यावे. डबेवाले जत्रेला गावी येतात ते देवदर्शनासाठी. पण त्या चार दिवसांत जे मेळ जमतात, ते वर्षभर उपनगरी गाड्यांच्या गर्दीत उपयोगी पडतात.

ही तत्त्वे अमलात आणण्यास मोठा खर्च लागत नाही. ग्रामपंचायतीची पाणीपुरवठा समिती, आरोग्यसेविकांचे पथक, बचत गटांचा संघ, दूध संकलनाची फेरी किंवा देशोदेशी विखुरलेल्या अभियंत्यांचा कार्यगट, या सर्वांना ती सारखीच लागू पडतात. अवसरीच्या तंत्रनिकेतनात आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या शाखेच्या तांत्रिक ज्ञानाबरोबर हाही हिशेब अवगत असणे त्यांच्या पुढील आयुष्यात उपयुक्त ठरेल. त्यासाठी त्यांना परदेशी ग्रंथ चाळण्याचीच गरज आहे असे नाही. आपल्याच तालुक्यातून मुंबईस गेलेल्या एखाद्या मुकादमाला, तो जत्रेसाठी गावी आला असता, गटात माणसे किती आणि का, एवढे विचारले तरी पुष्कळ काही समजेल.